बरगड्यांमधले दुखणे: औषधांपलीकडचा मागोवा

रत्नागिरीतून मुंबईच्या गिरण्यांत गेलेल्या पिढ्यांना शिवडीचे क्षयरोग रुग्णालय चांगलेच ठाऊक होते. प्रभावी औषधे रुळेपर्यंत क्षयावर थोराकोप्लास्टी होई: बरगड्या काढून छातीची भिंत आत बसवायची, म्हणजे रोगट फुप्फुस मिटून राही. नंतर दुखणे तर असेच, शिवाय खांदा झुकून माणूस एका अंगाला कले. लंडनच्या ब्रॉम्प्टन रुग्णालयात 1930 च्या दशकात श्वासाचे व्यायाम आले ते दुखणे थांबवायला नव्हे, फुप्फुस फुलावे म्हणून. छातीच्या शस्त्रक्रियेनंतरच्या दुखण्यावरचे टिकाऊ उपाय असेच हालचालीच्या वाटेने आले. दुखण्यावर वरून चिकटवलेल्या उपायांचा हिशेब तितका भरत नाही.

1965 मध्ये मेलझॅक आणि वॉल यांनी सिद्धांत मांडला, की मज्जारज्जूत वेदनेची वाट अडवता येते. त्यातून त्वचेवर पट्ट्या लावून सौम्य वीजप्रवाह देणाऱ्या ‘टेन्स’ला बळ मिळाले. मध्यम दुखण्यात औषधांच्या जोडीला ते उपयोगी पडते. छाती उघडल्यानंतरच्या तीव्र कळा एकट्याने आवरत नाही. न्यूयॉर्कमधल्या 2008 च्या चाचणीत त्वचेत बसवलेल्या अ‍ॅक्युपंक्चरच्या सुयांनी खोट्या सुयांपेक्षा जास्त आराम दिला नाही. उलट न्यूझीलंडमधल्या 76 रुग्णांच्या 2010 च्या चाचणीत खांद्याच्या साध्या व्यायामाने दुखणे कमी झाले. चाचणी लहान होती हे खरे, आणि व्यायाम रुग्णापासून लपवता येत नाही हा आक्षेपही रास्त. पण एवढ्या स्वस्त, निर्धोक उपायासाठी मी तेवढा पुरावा पुरेसा मानतो. 2016 मध्ये डेन्मार्कच्या अभ्यासात दुर्बिणीतून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर, छाती उघडून केलेल्या शस्त्रक्रियेच्या तुलनेत, वर्षभर दुखणे कमी राहिले. हा उपाय नव्हे, शल्यविशारदाचे तंत्र, असे कोणी म्हणेल. पण बरगड्या फाकवताना त्यांच्याखालची नस चेपते. ती वाचवणे ही गोळीविना केलेली वेदनाशमनाची सोयच.

हाताशी औषधे असताना, छातीला आधार म्हणून उशी कवटाळून खोकायचे कशाला? कारण पडून असताना औषधाने शांत झालेली जखम खोकताच जागी होते. त्या भीतीने रुग्ण उथळ श्वास घेतो, कफ साठतो आणि न्यूमोनियाचा धोका वाढतो. गोळ्या टाळून ‘नैसर्गिक’ राहण्याचा हट्ट मात्र त्याच खड्ड्यात नेतो. छाती उघडलेल्यांपैकी अनेकांचे दुखणे महिनोन्‌महिने रेंगाळते, म्हणजे मुंबईत परळच्या रुग्णालयांतून कोकणात परतल्यावरही. रत्नागिरीत 2023 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. घरी जाताना हातात पडणाऱ्या कागदावर गोळ्यांच्या वेळांखाली खांद्याचे व्यायाम मराठीत लिहिलेले असावेत, आणि ते तपासायला रुग्णाला पुन्हा मुंबई गाठावी लागू नये.