सुरकुत्यांवरील उपचार आणि देणगीनिधी

धर्मादाय रुग्णालयात सुरकुत्या घालविण्याचे उपचार कशासाठी, असा प्रश्न काही देणगीदार विचारतात. प्रश्न रास्त आहे. बोटुलिनम टॉक्सिनच्या इंजेक्शनाला भुवयांमधील आठ्यांसाठी अमेरिकेत २००२ मध्ये मान्यता मिळाली. परंतु पापण्यांच्या अनावर आकुंचनावर ते तेथे १९८९ पासूनच मान्य होते. हे औषध मज्जातंतूचा संदेश स्नायूपर्यंत पोहोचू देत नाही. स्नायू सैलावतो आणि घडी उलगडते. परिणाम सुमारे तीन ते चार महिनेच टिकतो. ओघळलेली त्वचा मात्र त्याने ताणली जात नाही. त्यासाठी कानापुढे छेद घेऊन शस्त्रक्रिया करावी लागते. तीत त्वचेखाली रक्त साकळणे, चेहऱ्याच्या मज्जातंतूला इजा होणे असे धोके संभवतात. केवळ दिसण्यासाठीची म्हणून ती हलकी लेखू नये. ब्युटी पार्लरमध्ये तर असे इंजेक्शन घेऊच नये, असे आम्ही रुग्णांच्या कुटुंबीयांना आग्रहाने सांगतो.

तारुण्यासाठीच्या या उपचारांचा संपूर्ण खर्च रुग्ण स्वतः देतात. देणगीनिधी भाजलेल्या रुग्णांसाठीच राखलेला आहे. भाजल्यानंतर आकसलेली पापणी मिटत नाही, बुबुळ कोरडे पडते आणि दृष्टी जाऊ शकते. अशा पापणीवर वेळीच त्वचारोपण करणारे शल्यचिकित्सक हेच आहेत.