तालमीतली शिस्त

भंडारदऱ्याला येणारा प्रवासी विल्सन धरण पाहतो, रंधा धबधबा पाहतो, आणि पाय धड असतील तर १६४६ मीटर उंचीचे कळसूबाईचे शिखरही चढून येतो. या मुलखातला हगामा मात्र त्याच्या सहसा दृष्टीस पडत नाही. नगर-नाशिककडे जत्रेतल्या कुस्त्यांच्या मैदानाला हगामा म्हणतात. आधी पोरासोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या, मग पैशांच्या, आणि दिवस कलल्यावर शेवटची मोठी जोड. तुम्ही कधी गेलात, तर त्या रेवडीवाल्या पोरांकडे नीट बघा. सलामी झाल्याशिवाय प्रतिस्पर्ध्याच्या अंगाला हात लावायचा नाही, एवढे त्यांना पक्के ठाऊक असते.

हे वळण तालमीचे. चपला बाहेर काढायच्या, मातीला हात लावून तो कपाळाला लावायचा, वस्तादांच्या पाया पडायचे आणि फावडे घेऊन आधी हौदा उकरायचा. तेल, ताक, हळद, लिंबू घालून मुरवलेली ती लाल माती रोज उकरली नाही तर दगडासारखी घट्ट होते, आणि तिच्यावर पडणाऱ्याचे हाड मोडते. म्हणजे फावडे मारणे हा व्यायाम तर खराच, पण जोडीदाराच्या हाडांची ती काळजीही असते. नंतर जोर, बैठका. नव्या पोराला डाव मिळायला बरेच दिवस लागतात. पोरगा कंटाळतो, कधी पळूनही जातो. पण वस्ताद बधत नाहीत, आणि ते योग्यच आहे. लढताना दुसऱ्याची मान तुमच्या हातात असते. ज्याला स्वतःला आवरता येत नाही, त्याच्या हाती ती कोण देईल?

जपानात कानो जिगोरो यांनी १८८२ साली ज्यूदोची शाळा काढली. तिथेही आधी शिकायचे ते पडायला. आणि जोडीदाराने हात आपटला की पकड त्या क्षणी सोडायची, तिथे वाद नाही. रंगीत पट्ट्यांची शिडी पुढे युरोपात रूढ झाली. आज आपल्या शहरांतल्या कराटेच्या वर्गात पालक पहिला प्रश्न विचारतात तो बहुधा पट्ट्याचा: पुढचा कधी मिळणार? त्याऐवजी तासभर कोपऱ्यात बसून पाहा. दणकट मुलगा किरकोळ मुलाशी खेळताना हात आखडता घेतो का, आणि न घेतल्यास शिक्षक खेळ थांबवतात का? त्यावरून वर्गाची परीक्षा होते.

निष्ठा शिष्याकडूनच मागितली जाते, हे मात्र मला पटत नाही. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकला गेले. लाल मातीत वाढलेला मल्ल. मॅट नवी, नियमही नवे. तरी सहावा क्रमांक आला. मग चार वर्षे त्यांनी मॅटची कुस्ती अंगी बाणवली. मातीत वर्षानुवर्षे घोटलेल्या सवयी मोडायच्या, म्हणजे शिकलेले पुन्हा शिकायचे. नव्याने शिकण्यापेक्षा हे अवघड. १९५२ साली हेलसिंकीला निघायची वेळ आली तेव्हा गाठीला पैसा नव्हता. लोकांनी वर्गणी काढली, आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी स्वतःचे राहते घर गहाण टाकून ७००० रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

अकोले तालुक्यातल्या डोंगरवाडीतला पोरगा चढउतार करून काटक झालेला असतो. दम त्याला उपजत असतो म्हणा ना! पण पहिलवानाचा खुराक म्हणजे दूध, तूप, बदाम. आणि भातखाचरावर जगणाऱ्या घराला तो रोज परवडत नाही. पहाटे चारला उठण्याची शिस्त पोरगा पाळील, पण दुधाची तजवीज गावाने करायला हवी. परत आल्यावर खाशाबांनी कुस्त्यांची मैदाने भरवली आणि त्या उत्पन्नातून प्राचार्यांचे घर सोडवून दिले.