मुलाला आईचा रंग, मुलीला बापाचा

आठवडी बाजारात गुलाबी-हिरव्या रंगात बुडवलेली कोंबडीची पिल्लं स्वस्तात मिळतात. ती बहुतेक नर असतात. लेयर जातीच्या हॅचरीतल्या माद्या पोल्ट्रीवाले उचलतात. नर अंडी देत नाही, ब्रॉयलरसारखं भराभर वजनही धरत नाही, म्हणून तो रंगून बाजारात येतो. म्हणजे पहिल्याच दिवशी नर-मादी ओळखणारं कोणीतरी हॅचरीत असतं. मग परसात चार कोंबड्या पाळणाऱ्याला ते का जमत नाही?

आडाख्यांची तर कमी नाही. टोकदार अंड्यातून कोंबडा निघतो, हा त्यातला लाडका. अ‍ॅरिस्टॉटलने नेमकं उलटं लिहून ठेवलंय: लांबट, टोकदार अंड्यात मादी. पुढे रोमन लेखक कोलुमेलाने ते पुन्हा फिरवलं. दोघेही चुकले, कारण अंड्याचं कवच तयार होण्याआधीच निकाल लागलेला असतो. आणि तो लावते आई. माणसात मूल मुलगा की मुलगी हे बापाच्या गुणसूत्रावर ठरतं. कोंबड्यांत नराकडे दोन ‘झेड’ गुणसूत्रं असतात, तर मादीकडे एक ‘झेड’ आणि एक ‘डब्ल्यू’. मुलीला आईकडून डब्ल्यू मिळतं, म्हणजे तिचं एकमेव झेड बापाचं. मुलाला मात्र दोघांकडून एकेक झेड.

पिसांच्या रंगाचे काही जनुक याच झेडवर बसलेले आहेत, आणि सगळी गंमत तिथे आहे. आपल्या सरकारी केंद्रांमुळे ओळखीचा झालेला ऱ्होड आयलंड रेड कोंबडा घ्या आणि त्याची जोडी पट्टेरी प्लायमाउथ रॉक कोंबडीशी लावा. पट्ट्यांचा जनुक प्रभावी असतो, पण आई तो फक्त मुलांनाच देऊ शकते. पिल्लं सगळी काळीच निघतात, पण नरांच्या डोक्यावर पांढरा ठिपका असतो, माद्यांचं डोकं कोरं काळं. पहिल्या महायुद्धात धान्याची टंचाई असताना केंब्रिजच्या रेजिनाल्ड पनेटने नर लवकर वेगळे करायला हीच युक्ती सुचवली होती. शाळेच्या पुस्तकातला ‘पनेट चौकोन’ त्याचाच. पंखांची पिसं लवकर की उशिरा वाढतात, हा गुणही झेडवरच असतो आणि अनेक हॅचऱ्या त्यावरून नर-मादी निवडतात. तिसरी वाट जपानची. मासुई आणि हाशिमोतो यांनी 1933 साली पिल्लाच्या गुदद्वाराच्या आतला सूक्ष्म उंचवटा पाहून लिंग ओळखण्याची पद्धत पुस्तकात मांडली. निष्णात माणूस तासाला हजारेक पिल्लं तपासतो. घरी मात्र हा प्रयोग नको. नवख्या बोटांच्या दाबाने पिल्लू दगावू शकतं.

रंग काय, पंख काय, आईबाप ठरवून निवडले असतील तरच खूण उमटते, आणि तीही एकाच पिढीपुरती. परसातल्या गावरान कोंबडीचा जोडीदार कोण, हे बहुधा ती सोडून कोणालाच ठाऊक नसतं. तिथे धीर धरावा. साधारण महिना-दीड महिन्यात नराचा तुरा वाढून लाल होऊ लागतो, पाय जाड दिसतात. असील जातीत हा हिशेब फसतो, कारण तिचा तुरा मुळातच बुटका. तिसऱ्या महिन्यातली पिसं अधिक भरवशाची. नराच्या मानेवर आणि कमरेवर अरुंद, टोकदार, चकचकीत पिसं येतात, तलंगीची, म्हणजे तरुण मादीची, गोलसर टोकाचीच राहतात. हा आकार मादीच्या इस्ट्रोजेनमुळे टिकतो. अंडाशय काढून टाकलेल्या कोंबडीला कोंबड्यासारखी पिसं फुटतात.

जात ओळखणं त्याहून अवघड, आणि कडकनाथच्या बाबतीत तर फसवं. झाबुआच्या या कोंबडीच्या मांसाला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं आणि काळ्या पिल्लांचा भाव वधारला. पण कातडी-मांसाचा काळेपणा आणणारा जनुक प्रभावी आहे. एकाच पालकाकडून आला तरी पुरतो. त्याला दाबणारा दुसरा जनुक असतो तो, पुन्हा, झेडवर. बेटसन आणि पनेटने 1911 मध्ये सिल्की जातीवर हे दाखवलं होतं. म्हणून कडकनाथ कोंबडा आणि हा दाबणारा जनुक असलेली फिक्या पायांची गावरान कोंबडी यांची मुलं उजळ निघतात, मुली काळ्याभोर. अर्ध्या रक्ताची ही काळी तलंग कडकनाथ म्हणून सहज खपते. माझ्या मते नुसत्या काळ्या रंगासाठी जादा पैसे मोजणं शहाणपणाचं नाही.

पिल्लं घेताना विक्रेत्याकडे आईबाप दाखवायचा आग्रह धरा. ते शक्य नसेल तर दोन-तीन महिन्यांच्या तलंगाच घ्या, थोड्या महाग पडल्या तरी चालतील. आणि एक दिवसाची गावरान पिल्लंच घ्यायची असतील, तर निम्मे कोंबडे निघणार हे धरूनच भाव ठरवा.