इंजिन मिसिंग मारतंय? आधी कुठला सिलिंडर मेलाय ते शोधा



१ जूनला बंदी लागली की होडीचं इंजिन घरी येतं, पडवीच्या कोपऱ्यात उभं राहतं, त्यावर जुनी ताडपत्री पडते. मग ६१ दिवस त्याच्याकडे कोण बघत नाही. जुलै संपत आला की जाळ्यांची शिवण होते, होडीला रंग होतो आणि इंजिनाची दोरी एकदा ओढून बघतात. सुरू झालं? झालं तर मग चांगलंच आहे!

गेल्या हंगामात मीही तेच केलं. पहिल्याच आठवड्यात शापोऱ्याच्या मुखावर, वाळूच्या पट्ट्यापाशी लाट फुटत होती. ती ओलांडायला जोर दिला आणि इंजिन अडखळलं. बंद पडलं नाही, पण अर्धा दम गेला. आवाज फुटका, सगळी होडी थरथरते, हॅंडल कितीही पिळा, वेग चढत नाही. दुसऱ्या लाटेला होडी आडवी झाली. चुलतभाऊ वल्हं घेऊन तयार होता म्हणून तोंड फिरवून आत आलो. जाळं भिजलं, मासळी काही नाही, आणि भाऊ दोन दिवस माझ्याशी नीट बोलला नाही.

मग मी काय केलं? दोन नवे प्लग घातले. फरक नाही. कार्बुरेटर गॅरेजमध्ये साफ करून आणला. फरक नाही. शेवटी काका येऊन बसले. इंजिनाच्या बाबतीत आमच्याकडे त्यांचाच शब्द चालतो. ते म्हणाले, "अरे, आधी कुठला सिलिंडर मेलाय ते सांग, मग पाना हातात घे." हा लेख त्या एका वाक्याचाच आहे म्हणा.

आपल्याकडे बहुतेकांची इंजिनं दोन सिलिंडरची, टू-स्ट्रोक. मिसिंग म्हणजे दोघांपैकी एक नीट जळत नाही. एक ओढतो, दुसरा नुसता फिरतो. जळायला तीन गोष्टी लागतात: प्लगला करंट, योग्य पेट्रोल-हवा आणि सिलिंडरात दाब. तिन्ही एकदम बिघडत नाहीत. कुठली बिघडली ते घरी पाण्याच्या पिंपावर बऱ्यापैकी कळतं.

इंजिन पिंपावर नीट घट्ट बसवा, पाणी पंपाच्या जाळीच्या बरंच वर असू द्या. पंखा काढून ठेवा, गिअर न्यूट्रलला. पाण्याशिवाय अर्धा मिनिटसुद्धा चालवू नका, आतला रबरी इंपेलर जळतो. चालू झालं की मागून पाण्याची धार येते ना, ते आधी बघायचं. आणि हे सगळं उघड्यावर. पडवीत चूल पेटलेली, कोण बिडी ओढतोय, असं नको.

आता मेलेला सिलिंडर शोधायचा. चालत्या इंजिनाची टोपी हाताने उपटायची जुनी सवय सोडा. झटका जबर बसतो आणि मोकळ्या वायरीने सीडीआय बॉक्सही जाऊ शकतो. इंजिन बंद करा. वरच्या सिलिंडरची टोपी काढून तिच्यात जादा प्लग घाला आणि त्या प्लगचं लोखंड जाड वायरने इंजिनाला घट्ट बांधा. मग सुरू करा. आधीसारखंच फुटकं चाललं, तर तो सिलिंडर आधीच मेलेला होता. बंद पडू लागलं किंवा सुरूच होईना, तर तो चांगला होता, मेलेला दुसरा. खालच्यालाही तसंच करून खात्री करून घ्या.

मग दोन्ही प्लग बाहेर काढून शेजारी शेजारी ठेवा. कुठला वरचा, कुठला खालचा, खूण करा; हे विसरलात तर सगळी मेहनत फुकट. फिकट तपकिरी टोक असेल तर सिलिंडर सुखात आहे. काळा, ओला, तेलकट असेल तर तिथे जळत नाही, किंवा तेल जास्त पडलंय. पांढराफेक, फोड आल्यासारखा असेल तर थांबा. त्या सिलिंडरला पेट्रोल कमी पडतंय, तो तापतोय, असाच चालवला तर पिस्टन जाईल. टोकावर गंज किंवा पाण्याचे थेंब दिसले तर पाणी आत येतंय, ते पेट्रोलमधून की हेड गॅस्केटमधून ते बघावं लागेल. रॉकेलवर चालणाऱ्या इंजिनाचा प्लग लवकर काजळतो, हेही ध्यानात ठेवा.

आता दोन्ही प्लगची अदलाबदल करा. बिघाड प्लगबरोबर दुसऱ्या सिलिंडरला गेला तर प्लग खराब, गोष्ट संपली. जागेवरच राहिला तर प्लगचा दोष नाही. माझे नवे दोन प्लग वाचले असते, असं भाऊ अजून ऐकवतो.

करंट बघायला पेट्रोलची नळी काढून ठेवा, सांडलेलं पुसून घ्या. दोन्ही प्लग आपापल्या टोपीत घालून त्यांचं लोखंड इंजिनाला टेकवून बांधा, पण प्लगच्या भोकापासून लांब, कारण भोकातून पेट्रोलची वाफ येते आणि ठिणगीने पेट घेते. दोरी ओढा. निळी, टच्च आवाजाची ठिणगी चांगली. पिवळट, मरगळलेली असेल तर करंट कमी. ठिणगी अजिबातच नसेल तर घाबरण्याआधी सेफ्टीची लाल दोरी क्लिपला आहे का बघा. हसू नका, अर्धा तास गेलेले लोक मला माहीत आहेत.

माझ्या इंजिनाला ठिणगी दिवसा दोन्हीकडे दिसत होती. काका म्हणाले, रात्री बघू. अंधार पडल्यावर दिवे घालवले, इंजिन पिंपावर चालू केलं, आणि खालच्या टोपीच्या बुडातून निळी रेघ लोखंडावर उड्या मारताना दिसली. करंट प्लगपर्यंत जायच्या आधीच बाहेर पळत होता. टोपी पिळून काढली तर आत वायरीची तांब्याची टोकं हिरवी झालेली. खारी हवा! काकांनी वायर अर्धा इंच कापली, ताजं तांबं निघालं, नवी टोपी पिळून बसवली. अनेक इंजिनांत ही टोपी अशी पिळून निघते. निघत नसेल तर ओढाताण करू नका.

करंट दोन्हीकडे चांगला असेल तर पेट्रोलकडे वळा. इथे कधी मिसिंग होतं ते महत्त्वाचं. स्लोवर अडखळतं आणि वेगात सुधारतं, तर कार्बुरेटरचा स्लो जेट तुंबलाय. स्लोवर ठीक आणि जोर दिल्यावर दम तोडतं, तर पेट्रोल पुरं पोचत नाही. हे दुसरं पिंपावर कळत नाही, आणि न्यूट्रलला जोरात फिरवूही नका. नदीतच, शांत पाण्यात, सोबत माणूस घेऊन बघा. इंजिन पडायला लागलं की सोबत्याने नळीवरचा रबरी फुगा दाबावा. दाबल्यावर सुधारलं तर कार्बुरेटर निर्दोष. फुगा आत चेपला गेला असेल तर टाकीच्या झाकणाचा हवेचा स्क्रू बंद आहे किंवा टाकीतली जाळी तुंबलीय. चेपलेला नसेल तर पेट्रोल पंपाचा पडदा थकलाय किंवा नळीच्या जोडातून हवा जातेय.

आणि जूनमधलं उरलेलं पेट्रोल. हा विषय मी मुद्दाम लांबवतो. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल पाणी ओढतं, आणि आपल्या पावसाळ्यात अर्धी टाकी म्हणजे त्याला मेजवानीच. पाणी वाढलं की इथेनॉल आणि पाणी मिळून खाली बसतं, पेट्रोल वर राहतं. आपण घातलेलं टू-टी तेल वरच्या पेट्रोलबरोबर जातं. टाकीची नळी मात्र तळातून ओढते! म्हणजे इंजिनाला येतं ते बिनतेलाचं पाणीदार मिश्रण. मिसिंग तर होईलच, पण इंजिन जाम व्हायची भीती त्याहून मोठी. टाकीच्या तळातलं आणि कार्बुरेटरच्या वाटीतलं थोडं थोडं काचेच्या बाटल्यांत काढून तासभर स्थिर ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर ते पेट्रोल इंजिनात घालू नका, नदीतही ओतू नका. नवीन भरताना तेल मापाने घाला. मॅन्युअलमध्ये ५०:१ सांगितलं असेल तर १० लिटरला २०० मिली. टोपणाने अंदाज नको.

करंट आहे, पेट्रोल आहे, तरी मेलेला तो मेलेलाच, तर दाब बघायचा. मीटर लावून दोन्ही सिलिंडर मोजा. दोघांत १०-१५ टक्क्यांहून जास्त तफावत असेल तर रिंग, पिस्टन किंवा गॅस्केट. ते काम मेस्त्रींचं.

मासळी बाजारात नेणारी पेट्रोल गाडी मिसिंग मारत असेल तर तीच अदलाबदल तिथे आणखी सोपी. स्कॅनर लावला की पी०३०१ किंवा पी०३०२ असा कोड येतो, शेवटचा आकडा सिलिंडरचा. प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल असेल तर पहिली आणि दुसरी कॉइल बदलून बघा. कोडही पहिल्यावरून दुसऱ्यावर गेला तर कॉइल खराब. इंजिनाचा दिवा नुसता पेटलेला नसून लुकलुकत असेल तर गाडी बाजूला घ्या. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला जाळतं, आणि तो भाग महाग आहे.

यंदा माझ्या डब्यात दोन प्लग, प्लगचा पाना, एक जादा टोपी, सेफ्टीची जादा क्लिप आणि कोरडा कपडा आहे, प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधून. वल्ही दोन. भावाने त्यातलं एक स्वतःच्या पायाशी ठेवलंय.