मेलबर्नचा चौथा गोल

तलासरीच्या एका आश्रमशाळेत मी काही वर्षं भूगोल शिकवला. भातकापणी आटोपली की मुलं माळावर फुटबॉल खेळायची, अनवाणी. एका वर्षी कुणी देणगीदाराने बूट पाठवले. मुलांनी ते घातले, दहाएक मिनिटं खेळली आणि काढून झाडाखाली ओळीने ठेवून दिले. "बुटात बॉल कळत नाय, सर," एकाने खुलासा केला. भिंतीवर पेलेचं चित्र होतं. त्याच्याकडे बघत त्यानेच पुढे विचारलं, "आपला कोणी झाला का असा?"

"नेव्हिल डिसोझा," मी म्हणालो. नावापलीकडे मला काहीच ठाऊक नव्हतं. त्या खजिलपणातून हा शोध सुरू झाला.

नेव्हिल यांचा जन्म ३ ऑक्टोबर १९३२चा. घराणं गोव्यातल्या आसगावचं, पण खेळाडू घडला तो मुंबईत. त्या काळी मुंबईचा फुटबॉल कंपन्यांच्या संघांवर उभा होता. चांगल्या खेळाडूला कंपनी नोकरी देई. टाटा, कॅलटेक्स अशा संघांचे सामने कूपरेजवर रंगत आणि १८९१ पासून चालत आलेली रोव्हर्स कप स्पर्धा ही मोसमातली दिवाळी असे. नेव्हिल टाटांकडून आणि पुढे कॅलटेक्सकडून खेळले. हे मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडे अशा यशाला चमत्कार म्हणायची सवय आहे. महिन्याच्या पगाराची हमी आणि दर मोसमाला तगडे सामने, एवढ्यावरच तो चमत्कार झाला.

बुटांचा प्रश्नही तेव्हा सुटत आला होता. १९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये बहुतेक भारतीय अनवाणीच खेळले आणि फ्रान्सकडून १-२ असे जेमतेम हरले. चार वर्षांनी हेलसिंकीच्या थंडीत युगोस्लाव्हियाने आपल्याला १०-१ असं धुतलं. त्यानंतर बुटांची सक्ती झाली. १९५६ला सय्यद अब्दुल रहीम यांनी मेलबर्नला नेलेला संघ बूट घालून खेळणारा होता. त्याचे कर्णधार होते समर उर्फ बद्रू बॅनर्जी.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवायला हवी. पहिल्या फेरीत आपली गाठ हंगेरीशी होती. बुडापेस्टमध्ये सोव्हिएत रणगाडे घुसले होते, हंगेरीचा फुटबॉल संघ आलाच नाही आणि आपण न खेळता पुढे सरकलो. म्हणजे भारताच्या त्या गाजलेल्या चौथ्या क्रमांकात प्रत्यक्ष जिंकलेला सामना एकच. टीकाकार हे बोट ठेवून दाखवतात आणि ते खोटं नाही.

तो सामना १ डिसेंबरचा, यजमान ऑस्ट्रेलियाशी. नेव्हिल यांनी नवव्या मिनिटाला गोल केला, ऑस्ट्रेलियाने बरोबरी साधली. त्यांनी पुन्हा आघाडी मिळवून दिली, पुन्हा बरोबरी. उत्तरार्धाच्या सुरुवातीला त्यांचा तिसरा गोल झाला आणि किट्टू यांनी चौथा चढवला. ४-२. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा पहिला आशियाई खेळाडू म्हणून नेव्हिल यांचं नाव घेतात ते या तीन गोलांमुळे.

मला मात्र त्यांचा चौथा गोल मोठा वाटतो. तो झाला ४ डिसेंबरला, उपांत्य फेरीत. समोर युगोस्लाव्हिया, दहा गोल चढवणारा तोच देश. मध्यंतराला फलक कोरा होता आणि ५२व्या मिनिटाला नेव्हिल यांनी भारताला आघाडी मिळवून दिली. काही मिनिटंच का होईना, भारत ऑलिंपिकच्या अंतिम सामन्याच्या वाटेवर होता. ही आघाडी पुढे चालीने मिळालेली नव्हती, पंचाच्या चुकीवर किंवा रिकाम्या जागेवर तिचा हिशेब लावता येत नाही. मग युगोस्लाव्हियाने सामना ४-१ असा ओढून नेला. चौथा गोल तर आपल्याच सलामच्या पायाला लागून आपल्याच जाळ्यात गेला. कांस्यपदकाच्या लढतीत बल्गेरियाने ३-०ने हरवलं. स्पर्धेत सर्वाधिक, चार गोल करणारे तिघं होते: बल्गेरियाचे मिलानोव्ह, युगोस्लाव्हियाचे वेसेलिनोविच आणि आपले नेव्हिल.

१६ मार्च १९८०ला ते गेले, वय अवघं सत्तेचाळीस. अर्जुन पुरस्कार त्यांना कधी मिळाला नाही. कंपन्यांचे बहुतेक संघ आटले, रोव्हर्स कपही बंद पडली. डहाणू लोकलने चर्चगेटला उतरून मी कूपरेजला चालत गेलो तेव्हा आत कृत्रिम हिरवळ होती आणि शाळकरी मुलांचा सराव चालला होता. सगळ्यांच्या पायांत बूट.

माहिती जुळेपर्यंत तो मुलगा दहावी होऊन वापीला कामाला लागला होता. डहाणू रोड स्टेशनवर भेटला तेव्हा फलाटावरच उभ्या उभ्या सगळं सांगितलं. गाडी येईपर्यंत त्याने नीट ऐकून घेतलं.

"बूट घातलेले का त्याने, सर?"

"घातलेले," म्हटलं.