कापडी बूट आणि लाल झाकण

फौजेत असताना माझा चीन म्हणजे दुर्बिणीतून दिसणारी पलीकडची चौकी, एवढाच. तिथला सामान्य माणूस काय विचार करतो, हे वाचायला निवृत्तीनंतर सवड मिळाली. आजचा प्रश्न त्यातलाच. चिनी लोक एका अब्जाधीशासाठी का रडले?

२५ फेब्रुवारी २०२४ रोजी ‘वाहाहा’ या पेयांच्या कंपनीचे संस्थापक त्सोंग छिंगहौ वारले. हांगझोऊला कंपनीच्या दारात लोकांनी फुलं ठेवली, इंटरनेटवर आठवणींचा पूर आला. चाळिशी ओलांडल्यावर तीनचाकीवरून आइसकांडी विकणारा, देशातला सर्वांत श्रीमंत झाल्यावरही कापडी बूट घालणारा आणि कामगारांना सांभाळणारा मालक, अशी त्यांची ख्याती होती.

पण काही दिवसांतच या शोकाचं हत्यार झालं. रोख वळला ‘नोंगफू स्प्रिंग’चे चुंग शानशान यांच्याकडे. ते तेव्हाचे सर्वांत श्रीमंत चिनी, आणि एकेकाळी वाहाहाचाच माल विकणारे. त्यांचा मुलगा अमेरिकन नागरिक आहे, बाटलीचं लाल झाकण म्हणजे जपानी झेंड्यावरचा सूर्य, असे आरोप झाले. लोकांनी त्यांचं पाणी संडासात ओतून व्हिडिओ टाकले. शेअर घसरले.

एवढा राग आला कुठून? जून २०२३मध्ये शहरी तरुणांतली बेकारी २१.३ टक्क्यांवर गेली. त्यानंतर सरकारने काही महिने आकडे देणंच थांबवलं. त्याआधी २०१९मध्ये जॅक मा यांनी सकाळी ९ ते रात्री ९, आठवड्याचे ६ दिवस काम करायला मिळणं हे वरदान म्हटलं होतं. ते तरुणांच्या मनात सलत राहिलं. सरकारवर उघड बोलणं महागात पडतं. मेलेल्या शेठची स्तुती करून जिवंत शेठला देशद्रोही ठरवणं त्या मानाने सोपं.

पुढे जुलै २०२५मध्ये बातमी आली. आपण सावत्र भावंडं आहोत असं सांगत तिघांनी वारशासाठी त्सोंग यांच्या मुलीविरुद्ध कोर्ट गाठलं होतं. मग त्याच इंटरनेटवर त्या साधेपणाची टिंगल सुरू झाली.

मला यातून दिसतं ते असं. लोकांना आपल्याला माणूस समजणारा मालक हवा होता. जिवंतांत तो सापडेना, म्हणून त्यांनी तो मेलेल्यात पाहिला. समोरच्याच्या तोफा जरूर मोजाव्यात, पण तो कोणासाठी रडतो, हेही पाहावं.

जय हिंद.