घरशाळेचा पहिला दिवस

शाळा सुरू होण्याच्या आदल्या रात्री आमच्या नऊ वर्षांच्या मुलीने विचारले, "मी हुशार नाही, म्हणून मला शाळेतून काढले का?" तिला घरी शिकवायचे ठरवून दोन महिने झाले होते. पुस्तके आणली, भिंतीला फळा लावला, वेळापत्रकही करून टांगले. पण कारण तिला सांगायचे राहूनच गेले होते. आम्ही दोघेही शिक्षक, तरीही!

त्या रात्री उशिरापर्यंत बोललो. शाळा का सोडली, मैत्रिणी कधी भेटणार आणि नाही करमले तर काय, हे सगळे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर कायद्यातच आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात घरशाळेचा उल्लेख नाही; पण सहा वर्षांवरचे मूल शाळेत नसेल तर त्याला वयानुरूप वर्गात प्रवेश द्यावा, असे त्यात म्हटले आहे. परतीची वाट उघडी आहे हे कळल्यावरच ती झोपली.

दुसऱ्या दिवशी आमचे वेळापत्रक साडेआठलाच कोलमडले. एका सपाट ताटात आणि एका पेल्यात प्रत्येकी 100 मिलिलिटर पाणी घेऊन खिडकीत ठेवले. आधी कुठले आटेल? "पाणी सारखेच, म्हणजे दोन्ही एकदमच," असे तिचे उत्तर. एवढे वहीत लिहून मराठीकडे वळायचे होते; पण बाई खिडकीपासून हलेनात. मराठीचे पुस्तक त्या दिवशी उघडलेच नाही, आणि खरे सांगायचे तर आमची घालमेल झाली.

ताट कोरडे झाले तेव्हा पेल्यातले पाणी जेमतेम उतरले होते. पाण्याची वाफ होते ती हवेला लागलेल्या पृष्ठभागावरून. मग पृष्ठभाग किती मोठा? ताटाचा व्यास 24 सेंटिमीटर, पेल्याचा 6. "चौपट," ती म्हणाली. चौकटीच्या कागदावर दोन्हींचे तळ गिरवून तिने चौकटी मोजल्या. पेल्याच्या 28 च्या आसपास, ताटाच्या साडेचारशेच्या आसपास. व्यास चौपट, पण क्षेत्रफळ सोळापट! हा धडा आमच्या वेळापत्रकात कुठेच नव्हता.

अमेरिकेतले जॉन होल्ट स्वतः पाचवीचे शिक्षक होते. 1964 साली त्यांनी मुले वर्गात का अपयशी ठरतात यावर पुस्तक लिहिले आणि 1977 मध्ये घरी शिकणाऱ्या कुटुंबांसाठी नियतकालिक काढले. घरात दुसरी शाळा थाटू नका, हा त्यांचा आग्रह. तो आम्ही वाचलेला होता. पचला मात्र त्या ताटामुळे.

एक गोष्ट वर्गशिक्षकांसाठी. मूल वर्गातून जाते तेव्हा तयारी मागे राहणाऱ्यांचीही करावी लागते. आमच्या मुलीच्या बाकावरची मैत्रीण आठवड्याने घरी आली, ती दारातूनच विचारत होती, "हिला शिक्षा केली का?" मग दोघी पेल्यातले पाणी मोजायला गेल्या.